उसने गडी आणि शाळेचा मान

वार्षिक अंक हातीं पडला कीं आमचे बहुतेक विद्यार्थी प्रथम कोणतें पान उघडतात, हें आम्हांस ठाऊक आहे. निकालाच्या तक्त्याकडे कोणी वळत नाहीं. सारे खेळांचा वृत्तांत शोधतात, आणि त्यांतही हॉकीचा. आपल्या शाळेनें किती सामने जिंकले, जिल्ह्याची ढाल यंदां कोणाच्या कपाटांत आहे, शेजारच्या शाळेस आपण हरविलें कीं तिनें आपणांस, एवढें पाहून झाल्यावर मग निबंध व कविता यांची पाळी येते. यांत वाईट वाटून घेण्यासारखें कांहीं नाहीं. शाळेविषयींचें प्रेम तरुण मनांत ज्या वाटांनीं शिरतें, त्यांपैकीं मैदानाची वाट ही एक मोठी वाट आहे.

परंतु गेलीं कांहीं वर्षें या वृत्तांताच्या आडून एक प्रश्न वारंवार डोकावूं लागला आहे, आणि यंदांच्या पालकसभेंत तो उघडपणें विचारला गेला. "त्या शाळेनें बाहेरचे गडी आणले आणि ढाल नेली, मग आपली शाळा गडी कां आणीत नाहीं?" हा प्रश्न विचारणारे गृहस्थ शाळेचे हितचिंतक आहेत, आणि त्यांचा रागही शाळेच्या प्रेमापोटींच आहे. त्यांस आम्हीं त्या दिवशीं दिलेलें उत्तर घाईचें व अपुरें होतें; शिवाय तें पुरतें प्रामाणिकही नव्हतें. तें पुरें करावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

शाळाशाळांमधील चुरस ही स्वतः वाईट वस्तु नव्हे, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. ती नसती, तर पावसाळ्याच्या चिखलांत पहांटे साडेपांच वाजतां मुलें मैदानावर आलीं नसतीं. आणि हॉकी हा एकट्याच्या पराक्रमाचा खेळ नाहीं. पेनल्टी कॉर्नरच घ्या. एक जण गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो, दुसरा वर्तुळाच्या टोंकाशीं तो काठीनें थांबवितो, आणि तिसरा मारतो. हें सारें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच घडावें लागतें. तिघांपैकीं एकाची सवय जमली नाहीं, तर चेंडू काठीवरून उडतो आणि संधि गेली ती गेलीच. आपला सोबती चेंडू डावीकडे देणार कीं उजवीकडे, हें त्याच्या खांद्यावरून ओळखण्याची जाण एकाच मैदानावर तीनचार वर्षें घाम गाळल्यानें येते. म्हणून दोन शाळांचे संघ समोरासमोर उभे राहतात, तेव्हां वस्तुतः दोन शाळांचीं तीनचार वर्षें समोरासमोर उभीं असतात. खरी चुरस ती हीच. तींत हरणाऱ्यास लाज नसते, कारण उणें कोठें राहिलें हें त्यास दिसतें, आणि पुढच्या वर्षीं तें भरून काढतां येतें.

आतां गडी एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत जातो तो कसा, हें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. शासनाच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. नेहरू चषकाच्या हॉकी स्पर्धेंत मुलांसाठीं १५ व १७ वर्षांखालील असे गट असतात. जिल्हा जिंकला कीं विभाग, विभाग जिंकला कीं राज्य, अशा या पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर पोंचणाऱ्या खेळाडूस प्रमाणपत्र मिळतें. त्यावर दहावी-बारावीच्या परीक्षेंत सवलतीचे गुण आहेत, आणि पुढें मोठें यश मिळविणाऱ्यांसाठीं सरकारी नोकऱ्यांत पांच टक्के जागाही आहेत. म्हणजे ढालीमागें नुसता मान नाहीं. एखाद्या गरीब घराची आशाही आहे.

एखाद्या सामन्यांत बारातेरा वर्षांचा मुलगा कोणाच्या तरी डोळ्यांत भरतो. उन्हाळ्याच्या सुट्टींत कोणीतरी त्याच्या घरीं चहास येतें. फी माफ होईल, गणवेश मिळेल, नवी काठी व बूट मिळतील, घर दूर असल्यास राहण्याची सोय होईल, आणि राज्यापर्यंत जाण्याची संधि तर आमच्याकडेच आहे, असें सांगितलें जातें. जूनमध्यें बाप शाळेंत येऊन दाखला मागतो. कारणाच्या रकान्यांत 'पालकांची इच्छा' असें लिहिलें जातें. एवढ्यांत सारें आटोपतें.

क्रिकेटमध्यें असें झालें तर त्याचा परिणाम पुष्कळ शाळांत वांटला जातो, कारण संघ पुष्कळ असतात. हॉकीचें तसें नाहीं. १९७६ सालच्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून हा खेळ वरच्या पायरीवर कृत्रिम गवतावर खेळला जाऊं लागला. त्या स्पर्धेंत भारतास सातव्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. असें गवत पसरणें हें सामान्य शाळेच्या आवांक्यांतील काम नाहीं. आम्ही अजूनही मुरुमाच्या मैदानावरच खेळतों. त्यामुळें हॉकीचा संघ उभा करणाऱ्या शाळा आमच्या जिल्ह्यांत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. जेथें संघ चारपांचच, तेथें एका गड्याच्या जाण्याचें गणित निराळें होतें. इकडे एक उणा आणि तिकडे एक अधिक, असें अंतर एकदम दुपटीनें वाढतें. गतवर्षीं जो सामना एका गोलानें निर्णयास आला होता, तो यंदां पहिल्या दहा मिनिटांतच संपतो. प्रेक्षक घरीं जातात. चुरस म्हणून जी होती, तिचा तेथें शेवट होतो, आणि तिच्या जागीं कुरबूर येऊन बसते.

ही कुरबूर कशी वाढते, तें आम्हीं जवळून पाहिलें आहे. आठएक वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंतील एक मुलगा सातवीनंतर जिल्ह्यांतील दुसऱ्या एका शाळेंत गेला. पांचवींत तो आला तेव्हां काठी उलटी धरीत असे. आणि जातांना त्याच्याइतका चपळ मधला गडी जिल्ह्यांत नव्हता. पुढच्या हंगामांत दोन्ही शाळांचा सामना झाला. आमच्या विद्यार्थ्यांनीं मैदानाच्या कडेला उभें राहून त्याचें नांव घेऊन जें ओरडावयास नको तें ओरडलें. निर्णायक गोल त्यानेंच केला. गोल झाल्यावर त्यानें काठी वर केली नाहीं, कीं तो धांवत सुटला नाहीं. मान खालीं घालून तो मध्यरेषेकडे परतला. सामना संपल्यावर आपल्या जुन्या सोबत्यांना भेटावयास तो आमच्या बाजूस आला, तेव्हां त्यांनीं पाठ फिरविली. आम्ही तेथेंच उभे होतों. दोन पावलें पुढें जाऊन त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवणें आम्हांस कठीण नव्हतें. तें आम्हीं केलें नाहीं. तेरा वर्षांच्या मुलावर मोठ्या माणसांचा राग काढला गेला, आणि त्यांत आमचाही वांटा होता.

हें झालें आमच्यावर बेतलेल्या प्रसंगाविषयीं. पण दुसरा प्रसंग सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. त्यानंतर तीन वर्षांनीं आमच्या शाळेनेंही तेंच केलें. एका लहान गांवांतील शाळेनें मोठ्या हौसेनें हॉकी सुरूं केली होती. त्यांच्यापाशीं बारा काठ्या होत्या आणि खेळणारीं मुलेंही बाराच. त्यांतील उत्तम गडी आम्हीं आपल्या शाळेंत घेतला. त्याच्या अभ्यासाची येथें अधिक चांगली सोय होईल, असें आम्ही एकमेकांस सांगितलें, आणि तें खोटें होतें असेंही नाहीं. परंतु त्याच्याहून हुशार अशीं तेथें आणखी दोन मुलें होतीं, त्यांची आठवण आम्हांपैकीं कोणासही झाली नाहीं. त्या वर्षीं ढाल आम्हांस मिळाली. संघाचें छायाचित्र याच वार्षिकांत छापलें गेलें. त्या लहान शाळेंत मात्र पुढच्या वर्षीं अकरा गडी जमले नाहींत, आणि त्यानंतर तिचें नांव स्पर्धेच्या यादींत दिसलें नाहीं.

त्याच वर्षीं आमच्या संघांतील डाव्या बगलेचा मुलगा राखीव गड्यांत गेला. चार वर्षें तो पहांटेचा सराव चुकला नव्हता. एके दिवशीं त्यानें शाळेची काठी आमच्या टेबलावर आणून ठेविली आणि म्हटलें, "सर, मला आतां अभ्यासाकडे लक्ष द्यावयाचें आहे." त्याचा अभ्यास पूर्वींही उत्तमच होता.

शास्त्रांतील एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. नाथान संदेष्ट्यानें दावीद राजास एका श्रीमंत मनुष्याची कथा सांगितली. त्याच्यापाशीं पुष्कळ मेंढरें असतां पाहुणा आला तेव्हां त्यानें शेजारच्या गरिबाची एकुलती एक मेंढी उचलून नेली. राजा संतापला, आणि असें करणारा मरणास पात्र आहे असें म्हणाला. तेव्हां संदेष्ट्याचें बोट राजाकडेच वळलें. उपासनेच्या तासाला ही गोष्ट आम्हीं कितीदां तरी सांगितली आहे. त्या ढालीच्या वर्षीं ती आम्हांस सांगवली नाहीं.

असें असलें तरी शाळा बदलणें हाच दोष, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. तसें म्हटलें, तर भारतीय हॉकीचा अर्धा इतिहास पुसून टाकावा लागेल. १९२८ सालीं अॅमस्टरडॅम येथें भारतीय हॉकीसंघ प्रथमच ऑलिंपिकमध्यें उतरला व सुवर्णपदक घेऊन परतला. त्या संघाचे कप्तान म्हणून नेमलेले जयपालसिंह हे छोटानागपुरांतील एका मुंडा खेड्यांतले. ते रांचीच्या सेंट पॉल या मिशन शाळेंत आले आणि तेथून पुढें ऑक्सफर्डला गेले. ते खेड्यांतच राहिले असते, तर त्यांची बुद्धि व त्यांचा खेळ दोन्ही जगास दिसलीं नसतीं. ओडिशांतील सुंदरगड जिल्ह्याच्या सौनामारा गांवांतून दिलीप तिर्की राऊरकेल्याजवळच्या पानपोष येथील सरकारी क्रीडा वसतिगृहांत आले, आणि पुढें भारताचे कप्तान झाले. आपल्या खडकीचे धनराज पिल्ले थोरल्या भावाच्या मागोमाग मुंबईस गेले, आणि १९९२ ते २००४ या काळांत चार ऑलिंपिक खेळले. फलटण तालुक्यांतील आसू या गांवची वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत शिकली, आणि २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई स्पर्धेंत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांत होती.

या सर्वांनीं घर सोडलें, गांव सोडलें; आणि त्यांनीं तें केलें याबद्दल आपण आभारच मानले पाहिजेत. मग यांत आणि आमच्या ढालीच्या गोष्टींत फरक काय? फरक असा, कीं जेथें खेळ वाढण्यास जागा नव्हती तेथून तीं मुलें जेथें जागा होती तेथें गेलीं. क्रीडा वसतिगृह साऱ्या जिल्ह्यांतून किंवा साऱ्या राज्यांतून मुलें निवडतें. तें एका शाळेचें घेऊन तिच्याच शेजारणीस देत नाहीं. ज्याच्या घरचें बिऱ्हाडच बदललें त्याची गोष्ट तर आणखीच निराळी. त्याविषयीं कोणी बोलूंच नये. आमचा आक्षेप आहे तो केवळ तिसऱ्या प्रकारास. मैदान तेंच, जिल्हा तोच, घर तेंच. बदलतो तो फक्त अंगावरच्या सदऱ्याचा रंग, आणि तोही ढालीसाठीं.

त्याच सुंदरगड भागांत व शेजारच्या झारखंडांतील सिमडेग्याकडे खेड्याखेड्यांत हॉकीच्या स्पर्धा होतात, व त्यांत बक्षीस म्हणून बकरा ठेवतात. ज्या गांवाचा संघ जिंकतो तो बकरा घेऊन घरीं जातो. तेथें चुरस थोडीथोडकी नसते. पण त्या जेवणाची गोडी घरच्या पोरांनीं मिळविलेल्या बकऱ्याची गोडी आहे. आमच्या कपाटांतील त्या एका ढालीस ती गोडी नाहीं, हें आम्हीं अनुभवानें लिहीत आहों.

हाच प्रश्न दूरच्या एका देशांत शाळांस फार वर्षें पडलेला आहे, आणि तेथें त्यावर नियमही झाला आहे. म्हणून त्याची हकीकत येथें देतों. ज्या अमेरिकेंतून १८१३ सालीं पहिले मिशनरी मुंबईस आले, तिच्या उत्तर सीमेवर मिनेसोटा नांवाचें राज्य आहे. तेथें हिवाळ्यांत तळीं गोठतात, आणि मुलें पायांत पात्याचे बूट घालून बर्फावर हॉकी खेळतात. चेंडूऐवजीं रबराची चपटी चकती असते. खेळ आपल्याहून निराळा, पण शाळांचा अभिमान अगदीं आपल्यासारखाच. तेथील माध्यमिक शाळांची राज्यस्पर्धा १९४५ सालीं सुरूं झाली. पहिलें अजिंक्यपद लोखंडाच्या खाणींच्या भागांतील एव्हलेथ या लहान गांवानें मिळविलें. आणि १९४८ पासून १९५१ पर्यंत सलग चार वर्षें तेंच गांव जिंकलें. कॅनडाच्या सरहद्दीजवळचीं रोझो आणि वॉररोड हीं शेजारचीं गांवें तर एकमेकांचीं पिढीजात प्रतिस्पर्धी. रोझोची वस्ती तीन हजारांच्या आंत. परंतु त्या गांवच्या शाळेनें राज्याचें अजिंक्यपद सात वेळां मिळविलें, आणि मोठ्या शाळांच्या गटांत उतरून १९९९ व २००७ सालींही मिळविलें.

१९८८ सालीं त्या राज्यानें असा कायदा केला, कीं मुलानें आपल्या भागाबाहेरची सरकारी शाळाही निवडावी. हेतु शिक्षणाचा होता, आणि तो चांगलाच होता. परंतु दार अभ्यासासाठीं उघडलें, म्हणजे त्यांतून काठी खांद्यावर घेतलेला मुलगाही आंत येणारच. मोठ्या शहरांभोंवतीं एकेका शाळेंत उत्तम गडी गोळा होतात, अशी तक्रार तेथें नेहमींची झाली. म्हणून त्यांच्या क्रीडामंडळानें नियम ठेविला आहे. कुटुंबानें बिऱ्हाड न बदलतां मुलानें शाळा बदलली, तर सामान्यतः त्यास एक वर्ष नव्या शाळेच्या पहिल्या संघांतून खेळतां येत नाहीं. दुसऱ्या, खालच्या संघांतून मात्र तो खेळूं शकतो. खऱ्या अडचणींसाठीं अपवाद ठेविले आहेत.

या नियमानें तेथील सारी कुरबूर थांबली असें नाहीं. पण त्यांतील शहाणपण पाहण्यासारखें आहे. मुलास शाळेंत येण्याची बंदी नाहीं. त्याचा सराव तुटत नाहीं. फक्त जो त्यास केवळ यंदांच्या ढालीसाठीं बोलावूं पाहतो, त्याचा हेतु यंदां साधत नाहीं. ज्यास खरोखर शिक्षणासाठीं यावयाचें आहे, तो एक वर्ष थांबतो. ज्यास ढालीसाठीं आणावयाचें होतें, त्यास आणण्याची हौस बहुधा तेथेंच मावळते.

एव्हलेथचें पुढें काय झालें, तेंही सांगण्यासारखें आहे. खाणींचें काम उणें झालें, वस्ती घटली, शाळेंतील मुलें कमी झालीं. शेवटीं ज्या शेजारच्या व्हर्जिनिया गांवाशीं त्यांची पिढ्यान् पिढ्या चुरस चालत आली होती, त्याच गांवाच्या शाळांबरोबर २०२० सालीं एव्हलेथच्या शाळा एक झाल्या, आणि आज दोन्ही गांवांचीं मुलें एकाच नांवानें खेळतात. प्रतिस्पर्धी हा शत्रु नव्हे, हें याहून निराळ्या रीतीनें काय सांगावें? आज ज्याच्याशीं सामना आहे, त्याच्याच बरोबर उद्यां एका संघांत उभें राहावें लागेल. आपल्याकडेही जिल्ह्याचा संघ निवडला जातो तेव्हां हेंच घडतें. आदल्या महिन्यांत ज्यांनीं एकमेकांस शिव्या दिल्या, त्यांनीं एकमेकांस चेंडू कसा द्यावा?

आतां पळवापळवीनें चुरशीचें नक्की काय होतें, तें आमच्या अनुभवावरून मांडतों. पहिली गोष्ट, सामना मैदानावरून उठून कचेरींत जातो. कोणाचा खेळ चांगला, हें सोडून कोणी कोणाचा दाखला केव्हां काढला, याचीच चर्चा होते. आणि हरलेल्या संघास आपली चूक शोधण्याचें कारणच उरत नाहीं. दुसरी, शाळा एकमेकींशीं मैत्रीचे सामने खेळेनाशा होतात. आमचा गडी त्यांच्या डोळ्यांत भरेल, ही भीति दोन्हीकडे असते. आमच्या व शेजारच्या शाळेचा दर नाताळापूर्वींचा मैत्रीचा सामना अशाच रीतीनें बंद पडला, आणि त्यामुळें दोन्ही संघांचा खेळ खालावला. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट, आणि ती ढालीच्या झगमगाटांत दिसत नाहीं. पांचवी-सहावींतील लहान मुलें सरावास येईनाशीं होतात. मोठें झाल्यावर आपली जागा बाहेरून येणारा कोणी घेईल, हें त्यांस न सांगतां कळतें. एक उसना गडी आणणारी शाळा एका वर्षाची ढाल मिळविते, आणि पुढच्या पांच वर्षांचा संघ गमावते. आमच्या ढालीनंतर सलग चार वर्षें आम्ही पहिल्याच फेरींत हरलों, त्याचें कारण पालकसभेंत कोणी विचारलें नाहीं. तें कारण हें आहे.

तेव्हां करावें काय? आमच्या अल्पमतीप्रमाणें जिल्ह्यांतील हॉकी खेळणाऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांनीं एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्या. सरकारी नियमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. चारपांच शाळांनीं शब्द दिला तरी पुरे.

एक, बिऱ्हाड न बदलतां आलेल्या खेळाडूनें पहिलें वर्ष नव्या शाळेकडून स्पर्धेंत खेळूं नये; सराव व मैत्रीचे सामने यांस मात्र त्यास पूर्ण मोकळीक असावी. त्याच्या जुन्या शाळेंत संघच नसेल, तर ही अट लावूं नये. दोन, असा प्रवेश देण्यापूर्वीं नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांनीं जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांस एक पत्र लिहावें. जें पत्र लिहिण्यास लाज वाटेल, तें काम न केलेलें बरें. तीन, जुन्या शाळेनें रागावून दाखला अडवूं नये. आठवीपर्यंतच्या मुलांस दुसऱ्या शाळेंत जाण्याचा हक्क व त्यासाठीं लागणारा दाखला विनाविलंब मिळावा, अशी तरतूद २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यांतच आहे. आणि कायदा नसता, तरी मूल हें शाळेची मालमत्ता नव्हे. चार, बंद पडलेले मैत्रीचे सामने पुन्हां सुरूं करावे.

कोणी म्हणेल, एक वर्ष म्हणजे मुलाच्या आयुष्यांत फार झालें; १७ वर्षांखालील गटांतून तो तेवढ्यांत बाहेर पडेल. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्हांस तो बोंचतो. गरिबाच्या मुलास एकच संधि असते, ती आपण अडवावी काय? आमचें उत्तर असें, कीं संधि देण्याची इच्छा खरी असेल तर ती त्याच्या स्वतःच्या शाळेंतही देतां येते. ज्या शाळेपाशीं काठ्या नाहींत तिला काठ्या द्याव्या. जिचें मैदान वाईट तिला आपल्या मैदानावर सरावास बोलवावें. आणि मुलगा खरोखर मोठ्या योग्यतेचा असेल, तर त्यास क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीस जाण्यासाठीं मदत करावी. यांतून त्याचा मार्ग मोकळा होतो, आणि त्याच्या मागें राहिलेल्या अकरांचा मोडत नाहीं.

पालकांस आमची विनंति एवढीच आहे. तुमच्या घरीं कोणी चहास आलें, तर त्यांस तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलाचा पाय दुखावला आणि तो वर्षभर खेळूं शकला नाहीं, तर फी माफ राहील काय? दहावीच्या वर्षीं त्याचा गणिताचा तास बुडाला तर तो कोण भरून देईल? आणि संघांत त्याच्यासाठीं जागा करतांना ज्या मुलाची जागा जाणार, त्याचें काय होणार? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर खुशाल पाठवा. आम्ही दाखला त्याच दिवशीं देऊं. हेच प्रश्न आमच्या शाळेसही विचारण्याचा तुम्हांस अधिकार आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांसही एक सांगणें आहे. कोणी सोबती शाळा सोडून गेला, तर तो बहुधा मोठ्यांच्या सांगण्यावरून गेलेला असतो. समोरच्या रंगांत तो मैदानावर दिसला, म्हणजे त्यास अडवा, त्याच्याकडून चेंडू काढून घ्या, आपल्या अंगीं असेल तेवढ्या कौशल्यानें त्यास हरवा. परंतु सामना संपल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवूं नका. आम्हीं जें केलें नाहीं, तें तुम्हीं करा.

शेवटीं आमच्या घरची गोष्ट. येत्या जूनसाठीं दुसऱ्या शाळेंतील एका उत्तम खेळाडूच्या वडिलांनीं आमच्याकडे चौकशी केली आहे. त्या शाळेचाही संघ आहे. आम्हीं मुख्याध्यापकांस आमचें मत लेखी कळविलें आहे. मुलास यावयाचें असेल तर आनंदानें यावें, वर्गांत बसावें, रोज आमच्या मैदानावर खेळावें. पण पुढील वर्षीं स्पर्धेंतील अकरांत त्याचें नांव असूं नये. दुसरी शाळा असा नियम पाळीत नसतां आपणच कां पाळावा, असें कोणी विचारील. पण कोणीतरी प्रथम पाळल्याशिवाय नियम होत नाहीं, आणि या जिल्ह्यांत तें प्रथम करण्याचें ऋण आमच्याच शाळेवर आहे. जक्कयाप्रमाणें चौपट परतफेड करण्याचें सामर्थ्य आम्हांपाशीं नाहीं. तरी ज्या लहान शाळेचा संघ आमच्यामुळें मोडला, तिला शाळेच्या परवानगीनें बारा नव्या काठ्या पाठवाव्या, आणि नाताळापूर्वीं तिच्या मुलांस मैत्रीच्या सामन्यासाठीं बोलवावें, अशी आम्हीं सूचना केली आहे. त्या काठ्यांसाठीं वर्गणी गोळा करण्याचें काम आम्ही स्वतः पत्करलें आहे.

कदाचित् पुढील वर्षीं आम्ही हरूं. तसें झालें, तर पुढील अंकांत त्याचा वृत्तांत हरल्याचाच येईल. परंतु त्यांतील अकराही नांवें पांचवीपासून आमच्या हजेरीपटावर असलेलीं नांवें असतील, आणि मैदानाच्या कडेला उभीं असलेलीं सहावींतील मुलें त्या नांवांकडे पाहून पहांटे सरावास येतील.